हवेच्या यंत्राला झालर

आमच्या घरात कव्हर नसलेली एकच वस्तू आहे, ती म्हणजे मी. मिक्सरला कव्हर आहे, फ्रिजला आहे, फ्रिजच्या हँडलला वेगळं आहे. टीव्हीचा रिमोट आणल्या दिवसापासून प्लास्टिकच्या पिशवीत आहे. त्याची बटणं नेमकी कुठल्या रंगाची आहेत, हे आमच्या घरात कुणालाच सांगता यायचं नाही. सोफ्याला कव्हर आहे आणि पाहुणे आले की त्या कव्हरावर चादर येते. मूळ सोफ्यावर बसण्याचा योग अजून कुणालाही आलेला नाही. ही सगळी करामत माझ्या बायकोची, प्रमोदिनीची. पण सुरुवातीलाच सांगतो, पुढे जे झालं त्याचं खापर मी तिच्या शिलाई मशीनवर फोडणार नाही. तिला कौतुकाने झालर लावायला सांगणारा मीच होतो.

तर प्राची नावाची मुलगी ठाकुर्लीला आमच्या चैतन्यकुंज सोसायटीत आली, ती खरं म्हणजे आमच्याकडे आलीच नव्हती. ती आली होती मागच्या गल्लीतल्या गोदाताईंकडे. गोदाताई तिथे एका खोलीत बालवाडी चालवतात. खोलीपुढे छोटंसं अंगण, अंगणात टायरचा झोका आणि अंगणाला लागूनच जीन्स रंगवायची शेड. शेडच्या बॉयलरमध्ये लाकूड जाळायचं असतं म्हणे. प्रत्यक्षात चिंध्या, रबर, प्लास्टिक, हाताला लागेल ते जातं. चिमणी जेमतेम आमच्या दुसऱ्या मजल्याच्या खिडकीपर्यंत, त्यामुळे सकाळी धूर वर जायचं नाव घेत नाही, सरळ अंगणात उतरून पोरांमध्ये बसतो. गोदाताईंनी अर्ज केले होते, आणि अखेर कल्याणच्या सरकारी कचेरीत सुनावणी लागली होती. तिथे साहेबलोक विचारणार, पुरावा काय? म्हणून ठाण्याहून प्राची आली होती. नौपाड्यातले काही डॉक्टर, प्राध्यापक आणि कॉलेजची मुलं मिळून लोकांच्या घरी हवा मोजायची यंत्रं बसवतात, त्या गटातली ती.

यंत्र बालवाडीतच बसायचं होतं. पण त्याला चोवीस तास वीज लागते आणि वायफाय लागतं. बालवाडीत वीज मीटरवाल्याच्या मर्जीवर आणि वायफायच्या नावाने शून्य. प्राचीने हताश होऊन वर पाहिलं. वर मी होतो. निवृत्त माणूस खिडकीतच असतो.

"काका, तुमच्याकडे वायफाय आहे?"

विमा कंपनीतून निवृत्त झाल्यापासून इतक्या आशेने मला कुणी काही विचारलं नव्हतं. मी म्हटलं, "आहे ना! शंभरचं स्पीड आहे!" शंभर कसले ते मला आजही माहीत नाही. पण अर्ध्या तासात ते यंत्र माझ्या खिडकीच्या ग्रिलला लागलं आणि मी विज्ञानाला लागलो.

यंत्र म्हणजे तुपाच्या बरणीएवढा पांढरा डबा. खालून हवा आत घ्यायला जाळी, पुढे एक दिवा. हवा बरी असली की हिरवा, बिघडली की पिवळा, वाईट असली की लाल. आकडे आपोआप ठाण्याला जायचे आणि तिथल्या नकाशावर आमच्या सोसायटीचा ठिपका त्या रंगाचा व्हायचा. जगातला कुणीही माणूस तो बघू शकेल, असं प्राची म्हणाली. मी लगेच भिवंडीच्या मेव्हण्याला लिंक पाठवली.

आता नवीन वस्तू घरात आली की तिची पूजा होते. स्कूटरची होते, गिझरची झाली होती, मग यंत्राने काय पाप केलंय? प्रमोदिनीने हळदकुंकू वाहिलं, जास्वंद ठेवलं आणि जाळीखाली धूप धरला. भरपूर धूप. दिवा लाल झाला, मग जांभळट काहीतरी झाला, आणि फोनवर ठाण्याच्या ग्रुपमध्ये एकच गदारोळ उडाला. त्या दिवशी सबंध जिल्ह्यात आमचा पहिला नंबर आला होता. शाळेपासून मी कशातच पहिला आलो नव्हतो. खोटं कशाला बोलू, बरं वाटलं.

धूप विझला तरी सकाळचा लाल काही गेला नाही. बॉयलर पेटला की दिवा लाल, हे दोनचार दिवसांत पोरांच्याही लक्षात आलं. मग एक रिवाजच पडला. बालवाडी भरली की सगळी चिल्लीपिल्ली अंगणात उभी राहून माना वर करायची आणि ओरडायची, "आजोबाऽऽ, आज कोणता रंग?"

मी खिडकीत येऊन, चष्मा नीट करून, गंभीरपणे सांगायचो. लाल म्हटलं की गोदाताई सगळ्यांना आत घ्यायच्या, खिडक्या लावायच्या आणि गाणी म्हणायच्या. हिरवा म्हटलं की अंगणात धुमाकूळ. झोका, पकडापकडी, मातीचे लाडू. त्यात योगिनी नावाची एक चार वर्षांची होती, अंगाने पाप्याचं पितर पण आवाज कसला! हिरवा ऐकला की पहिली किंकाळी तिची आणि झोक्यावर पहिला नंबर तिचा. नोकरीत माझ्या एका शब्दावर कधी शिपाईसुद्धा उठला नव्हता. इथे तीसेक पोरं माझ्या शब्दावर आत-बाहेर करत होती. मी व्हिजिटिंग कार्डं छापून घेतली: हरिहर खांबेटे, वायुमित्र.

पण चांगलं काम करायला निघालं की आपली माणसं आडवी येतात. आमचे सेक्रेटरी उत्तमराव फ्लॅट विकून बदलापूरला जायच्या बेतात होते. गिऱ्हाईक पक्कं झालं होतं. त्या गिऱ्हाइकाने नकाशावर चैतन्यकुंज शोधलं आणि लाल ठिपका बघून फोन उचलायचं बंद केलं. झालं! तातडीची सभा.

"खांबेटे, तुम्ही सोसायटीच्या तोंडाला काळं फासलंत," उत्तमराव म्हणाले.

"काळं नाही, लाल," मी नम्रपणे म्हटलं.

"धूर काय आज निघाला का? इतकी वर्षं आपण काय मेलो का त्याने?"

यावर तळमजल्यावरचे फडके, म्हणजे जे खरंच दमेकरी आहेत, खोकत खोकत "बरोबर आहे" म्हणाले. मग सल्ल्यांचा पाऊस पडला. यंत्राचं तोंड गल्लीकडून फिरवून रस्त्याकडे करा. शेजारी तुळस ठेवा. तुळस नको, मनी प्लँट ठेवा. यंत्रच फॉल्टी असेल, चायनाचं दिसतंय. ए विंगच्या कुलकर्णीबाईंना त्यात वास्तुदोष दिसला. एकाने तर यंत्र रोज रात्री बंद करून त्याला विश्रांती द्या म्हणून सांगितलं. मी बाणेदारपणे म्हटलं, "हे यंत्र गोदाताईंच्या पोरांसाठी आहे. सुनावणीत हेच आकडे जाणार आहेत. शेडला बॉयलर बदलायला नाहीतर हलवायला लावतील. हे झालं नाही तर आया पोरांना पाठवायच्या बंद होतील आणि बालवाडी मरेल. यंत्र हलणार नाही!"

आयुष्यात एवढं सलग भाषण मी पहिल्यांदाच केलं. घरी आल्यावर प्रमोदिनीने मला आल्याचा चहा दिला.

दुसऱ्याच दिवशी कबुतराने यंत्रावर घाण केली.

मला वाटलं, यात उत्तमरावांचा हात आहे. प्रमोदिनीला वाटलं, यात आपला हलगर्जीपणा आहे. "लोकांनी विश्वासाने दिलेली वस्तू," ती म्हणाली, "आणि आपण उघड्यावर टाकलीय. उद्या पाऊस येईल." संध्याकाळपर्यंत कव्हर तयार होतं. पिवळ्या कापडावर निळी फुलं, आतून प्लास्टिकचं अस्तर. दिवा दिसावा म्हणून पुढे सुबक गोल भोक, त्याला हाताने काजटाके घातलेले. वायरीसाठी मागे चीर. वारा लागून उडू नये म्हणून खालून घट्ट इलॅस्टिक. मी चारी बाजूंनी निरखलं आणि म्हणालो, "छान झालंय गं. खाली थोडी झालर लाव की."

तिने लावली. ते यंत्र असं सजलं की मुंज लागायचीच बाकी होती.

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दिवा हिरवा!

मी डोळे चोळून पाहिलं. बॉयलर चालू होता, चिमणीतून धूर येत होता, पण दिवा हिरवा. तिसऱ्या दिवशी हिरवा. चौथ्या दिवशी हिरवा. सुज्ञ वाचकाच्या डोक्यात आत्ताच प्रकाश पडला असेल. माझ्या नाही पडला. मी त्यावर एक उपपत्ती बसवली. नुसत्या यंत्राच्या धाकाने शेडवाल्याने जळण बदललंय! चोराच्या दारात पोलीस उभा केला की चोर सुधारतो, त्यातलं हे. ही उपपत्ती मी जिन्यात, दुकानात आणि भिवंडीच्या मेव्हण्याला फोनवर सविस्तर सांगितली. उत्तमरावांच्या गिऱ्हाइकाने फोन उचलला. उत्तमराव पेढे घेऊन आले आणि मला मिठी मारून म्हणाले, "खांबेटे, मानलं तुम्हाला!" सोसायटीत मला कुणी मिठी मारायची ती पहिली वेळ.

"आजोबाऽऽ, आज कोणता रंग?"

"हिरवाऽऽ!"

आणि खाली एकच जल्लोष.

गोदाताई एकदा मान वर करून म्हणाल्या, "काका, वास तर येतोय ओ. डोळे चुरचुरतायत माझे."

मी वरून त्यांना समजावलं. अगदी प्रेमाने समजावलं. "गोदाताई, वास वेगळा आणि प्रदूषण वेगळं. नाक फसतं. यंत्र फसत नाही. खेळू द्या पोरांना."

"तुम्ही म्हणताय तर बरंच असेल," असं म्हणून त्यांनी दार उघडं टाकलं. त्यांचा यंत्रावर विश्वास नव्हता हो. त्यांचा माझ्यावर होता.

ठाण्याहून प्राचीचा फोन आला. "काका, तुमचे आकडे फारच सपाट येतायत. दिवसरात्र एकच. मशीनच्या आजूबाजूला काही ठेवलंय का?"

माझा अपमान झाला. सबंध नोकरीत माझ्या कामावर कुणी शंका घेतली नव्हती, अर्थात कुणी कामच बघितलं नव्हतं ते सोडा. मी तुटकपणे म्हटलं, "आजूबाजूला काडीसुद्धा नाही. खात्री करायची तर येऊन बघा." खोटं नव्हतं. आजूबाजूला काहीच नव्हतं. कव्हर माझ्या लेखी काही ठेवणं नव्हतंच मुळी. ती तर त्या वस्तूची निगा होती. प्राची बिचारी चपापली आणि सॉरी म्हणाली. तिच्याकडे अशी चाळीसेक यंत्रं होती, सगळीकडे ती कुठे धावणार? उलट पुढच्या महिन्यात नौपाड्यात गटाचा मेळावा झाला, तेव्हा 'एकही दिवस यंत्र बंद न पडू देणारे नागरिक' म्हणून माझा शाल-श्रीफळ देऊन सत्कार केला. मी भाषणात निसर्गाचे आभार मानले.

त्याच सुमारास योगिनी यायची बंद झाली. गोदाताई म्हणाल्या, छातीत घरघरतंय, दवाखान्यात वाफ देतायत. "अंगणात खेळली की जास्त होतं, काका. काय कळत नाय."

"फुलांचे परागकण असतील," मी म्हटलं. "या दिवसांत असतात." गल्लीत फुलझाड औषधाला नाही.

सुनावणीच्या दिवशी मी सत्काराची शाल घेऊन कल्याणला गेलो. प्रमोदिनी म्हणाली, उकडेल, पण वायुमित्र म्हणून जायचं तर शाल हवी. कचेरीत एक मॅडम अधिकारी होत्या, शांत आणि दमलेल्या. गोदाताई आणि दोन आया एका बाकावर, मध्ये योगिनीची आई. प्राची फाईल घेऊन उभी. समोर शेडवाले शेठ आणि त्यांचा वकील, तेही खुशीत. खुशीत का, ते मला कळेना.

वकील उठला. त्याने एक रंगीत कागद मॅडमपुढे ठेवला. "मॅडम, हे आमचे आकडे नाहीत. तक्रारदारांच्याच लोकांनी बसवलेल्या यंत्राचे आहेत. आमच्या चिमणीच्या अगदी समोर बसवलेलं. बघा, काही महिन्यांपासून सलग हिरवं. तक्रारदारांच्याच पुराव्याप्रमाणे आमच्या शेडची हवा माथेरानपेक्षा स्वच्छ आहे. आणि हे यंत्र सांभाळणारे गृहस्थ इथेच बसलेत, त्यांचा सत्कारही झालाय." आणि त्याने माझ्याकडे बघून हात जोडले.

सगळे माझ्याकडे बघायला लागले. गोदाताईसुद्धा. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. मी आता उठून काहीतरी शास्त्रीय सांगेन आणि सगळं सावरेन, अशी त्यांची समजूत दिसली.

मॅडमनी त्या कागदाची प्रत काढायला सांगितली. शिपाई कोपऱ्यातल्या प्रिंटरपाशी गेला. प्रिंटरवर प्लास्टिकचं कव्हर होतं, खालून इलॅस्टिकचं. त्याने ते चिमटीत धरून उचललं, तशी आत कोंडलेली हवा फुस्सकन बाहेर आली आणि कव्हर त्याच्या हातात मुटकुळं होऊन बसलं.

मी ते कव्हर पाहिलं. शालीत घाम फुटला. सगळं एकदम लख्ख कळलं, यंत्र इतके दिवस कव्हरात कोंडलेलीच हवा मोजत होतं, आणि पहिल्यांदा मनात आलं ते सांगायला लाज वाटते. मनात आलं, गप्प बसावं. कुणाला कळणार आहे? घरी जावं, कव्हर काढावं, उद्यापासून परत लाल. पण योगिनीच्या आईने हळूच विचारलं, "काका, तुम्ही बोलताय ना?" आणि मी उभा राहिलो.

"मॅडम, यंत्राला कव्हर होतं."

"कसलं कव्हर?"

"कापडी. आतून प्लास्टिक."

"पूर्ण झाकलेलं?"

"दिव्याला भोक होतं," मी म्हटलं. आणि का कोण जाणे, पुढे म्हणालो, "झालर होती."

शेठ हसले. वकील हसला. शिपाई तोंड फिरवून हसला. मॅडमनी हसू आवरलं, पण मला दिसलं. प्राचीने डोळे मिटून घेतले. मी घाईघाईने म्हणालो, "पण कव्हर घालायच्या आधीचे आकडे बघा! आधी रोज लाल होतं!"

"हो," वकील गोड आवाजात म्हणाला, "पहिल्या दिवशी तर फारच होतं. त्या दिवशी काय झालं होतं, काका?"

मी खाली बघून म्हणालो, "पूजा."

त्या वेळेला तो हॉल खरोखर खदखदून हसला. मॅडमनी पेन खाली ठेवलं. यंत्राचा पुरावा आधीचा नाही आणि नंतरचाही नाही, सगळाच बाद. त्या मला म्हणाल्या, "तुम्ही खरं बोललात ते चांगलं केलंत. पण आता माझ्या हातात काहीच राहिलं नाही." मग त्यांनी नियमाप्रमाणे जागेची पाहणी लावली. पाहणीला आलेल्या माणसांनी शेडची कागदपत्रं बघितली. ती चोख होती. त्या दिवशी बॉयलरमध्ये लाकूडही चोख होतं. मग त्यांनी सहज बालवाडीची कागदपत्रं मागितली. अंगण, खोली, परवानगी, कशाचंच काही धड नव्हतं. महिन्याभरात निकाल लागला. लहान मुलांच्या आरोग्याच्या दृष्टीने ही जागा योग्य नाही, म्हणून बालवाडी बंद करावी. धुराला हलवायचं होतं, पोरांना हलवलं.

जायच्या दिवशी गोदाताई घरी आल्या. कळव्याला बहिणीकडे राहून तिथल्या एका बालवाडीत मदतनीस म्हणून लागणार होत्या. प्रमोदिनी त्यांच्यासमोर हुंदके देऊन रडली. म्हणाली, "माझ्या हाताला लकवा का नाही भरला." गोदाताईंनीच तिला जवळ घेतलं. मी एवढंच विचारलं, "योगिनी कशी आहे?"

"गावाला पाठवलीय, आजीकडं. तिथं बरी आहे म्हणतात." मग थोडं थांबून त्या म्हणाल्या, "काका, तुम्ही हिरवा सांगितला की लय खूश व्हायची पोरगी. घरी पण तेच सांगायची, आज हिरवा होता म्हणून."

त्यांनी टोमणा मारला नव्हता. मारला असता तर बरं झालं असतं.

कव्हर आता काढलंय. प्रमोदिनीने ते उसवलं नाही, फेकलं नाही, कपाटात खाली कुठेतरी ठेवलंय. आम्ही दोघंही त्याचं नाव काढत नाही. मिक्सरचंही कव्हर तिने काढून टाकलं, तेव्हापासून मिक्सरवर धूळ बसते आणि ती पुसत नाही. यंत्र खिडकीत उघडं आहे. कबुतरं घाण करतात, मी ओल्या फडक्याने पुसतो आणि जाळीला हात लावत नाही. नकाशावर आमचा ठिपका रोज लाल होतो. उत्तमराव बदलापूरला गेले, त्यांच्या फ्लॅटमध्ये आलेले लोक माझ्याशी बोलत नाहीत. प्राची म्हणते, "काका, आता तुमच्याइतके चांगले आकडे कुठलेच नाहीत, हे पुढच्या केसला उपयोगी पडतील." पडोत बापडे. व्हिजिटिंग कार्डं मात्र मी रद्दीत दिली.

सकाळी बॉयलर पेटला की मी सवयीने खिडकीशी जातो. खाली अंगणाला आता शेडवाल्याचं कुलूप आहे, झोक्याच्या टायरमध्ये कुणीतरी चिंध्यांचे गठ्ठे कोंबलेत. मी चष्मा नीट करतो, दिव्याकडे बघतो.

"लाल आहे गं," मी म्हणतो. "आत जा सगळे."

स्वयंपाकघरातून प्रमोदिनी विचारते, "कुणाशी बोलताय?"

मी म्हणतो, "कुणाशी नाही."